साने गुरुजी : मास्तरांच्या वेषातील माउली

आपल्या संप्रदायात गुरूला माउली म्हणण्याची चाल आहे. ज्ञानोबारायांना आपण महाराज म्हणतो, देव म्हणतो, परंतु वाट चालताना तोंडून निघते ती माउलीच. वारीत तर अनोळखी माणसालाही माउली म्हणूनच हाक घालतात. हा शब्द तोंडात इतका बसला आहे की त्याचा अर्थ मनात येईनासा झाला आहे. अहो, आई काय करते? लेकराला शिकविते. पण शिकविण्याचे दुकान मांडून ती बसत नाही. घास भरविता भरविता, न्हाऊ घालता घालता, रागे भरता भरता तिचे शिकविणे चाललेले असते, आणि आपण शिकतो आहोत याचा लेकराला पत्ताही नसतो. अशा रीतीने शिकविणारा एक मास्तर गेल्या शतकात खानदेशात होऊन गेला. त्याचे चरित्र वारकरी मंडळींनी नीट समजून घ्यावे असे फार दिवस मनात होते. कारण त्याने आपला सर्वांत मोठा पाठ आपल्यालाच दिला, आणि तोही पंढरपुरात.

पांडुरंग सदाशिव साने यांचा जन्म २४ डिसेंबर १८९९ रोजी झाला. गाव पालगड, तालुका दापोली, जिल्हा रत्नागिरी. घराणे खोतांचे. एके काळी घरात बरकत होती. वडील सदाशिवराव यांच्या वेळी वाटण्या, कज्जे आणि कर्ज यांनी घर पोखरले, आणि शेवटी राहत्या घरावर जप्ती आली. आईचे नाव यशोदाबाई. पोर लाजाळू, हळवे आणि जरा हट्टीच. एकदा अंघोळ झाली, आणि ओल्या तळपायांना माती लागू नये म्हणून पोराने हट्ट धरला. आईने आपल्या लुगड्याचा पदर दगडावर पसरला आणि त्यावर त्याला पाय टेकू दिले. मग जाता जाता एवढेच सुचविले की पायांची जेवढी काळजी करतोस तेवढी मनाचीही कर. पहा, उपदेश किती आणि कृती किती! उपदेश एका वाक्याचा. पण त्याआधी पदर खाली पसरला गेला होता. तो पदर नसता तर ते वाक्य हवेत विरले असते.

दुसरी एक गोष्ट तर मी कीर्तनात पुष्कळ वेळा सांगतो. गावातल्या एका म्हाताऱ्या महार बाईची लाकडाची मोळी वाटेत खाली पडली. ती पुन्हा तिच्या डोक्यावर चढवून द्यावयास कोणी धजेना, कारण शिवाशिव. यशोदाबाईंनी आपल्या मुलाला सांगितले, जा आणि मोळी उचलून दे, मग घरी येऊन अंघोळ कर. काही शहाणे लोक इथे अडतात. म्हणतात, अंघोळ कशाला सांगितली? बरं का, ती बाई शतकापूर्वीच्या कोकणातल्या खेड्यात, कर्जबाजारी ब्राह्मणाच्या घरात राहत होती. अंघोळ सांगितली ती त्या काळाने. मोळी उचलावयास सांगितली ती तिने स्वतः. मुलाने पुढे यातले काय ठेवले आणि काय टाकले, ते ओघाने येईलच.

शिक्षणासाठी पोर लवकरच घराबाहेर पडले. दापोलीची मिशन शाळा, मग औंध संस्थान, मग पुणे. गरिबाच्या मुलाचे शिक्षण म्हणजे काय हे आमच्या पिढीतल्यांनाही थोडेफार ठाऊक आहे. हाताने रांधावयाचे, मिळेल तेथे राहावयाचे, आणि न मिळाले तर पाणी पिऊन निजावयाचे. दापोलीस असताना खाऊचे पैसे साठवून त्यांनी धाकट्या भावासाठी कोट शिवून घेतला, आणि गणेशचतुर्थीला भर पावसात ओढे ओलांडीत, पायी, पालगडला नेऊन दिला. ज्याने स्वतः उपास काढले त्याला दुसऱ्याच्या अंगावर कपडा नसलेला दिसतो. पोटभर जेवलेल्याला पुष्कळदा दिसत नाही. १९१७ साली आई गेली. मुलगा शिकण्यासाठी दूर होता. शेवटची भेट झाली नाही. हा सल त्यांच्या काळजात जन्मभर राहिला. ज्याला आपल्या आईची सेवा करावयास मिळाली नाही, त्याने पुढे शेकडो पोरांची आई होऊन ते ऋण फेडले असे मला वाटते. हा माझा तर्क आहे, पण त्यांचे आयुष्य पाहिले की तो सोडवत नाही.

१९१८ मध्ये ते मॅट्रिक झाले आणि १९२२ मध्ये पुण्याच्या न्यू पूना कॉलेजातून बी. ए. झाले. याच कॉलेजास पुढे सर परशुरामभाऊ महाविद्यालय असे नाव मिळाले, आणि आपले सोनोपंत दांडेकर तेथेच प्राचार्य होते. तेथून साने आले अमळनेरला. अमळनेर म्हटले की वारकऱ्याला आठवतात संत सखाराम महाराज, बोरी नदीच्या वाळवंटातली समाधी आणि वैशाखातली यात्रा. त्याच गावी श्रीमंत प्रतापशेठ यांनी तत्त्वज्ञान मंदिर स्थापन केले होते. निवडक बुद्धिमान तरुणांना तेथे राहण्याजेवण्याची सोय आणि वेतन मिळे, आणि त्यांनी वेदान्ताचा अभ्यास करावा अशी अपेक्षा असे. साने तेथे राहून तत्त्वज्ञान हा विषय घेऊन एम. ए. झाले.

आता इथे थोडे थांबावयास हवे. कारण हा माणूस शिक्षक का झाला याचे उत्तर इथे आहे.

हाताशी एम. ए. ची पदवी, विषय तत्त्वज्ञान, बुद्धी तीव्र, लेखणी चालती. त्या काळी एवढ्या भांडवलावर माणूस कॉलेजात प्राध्यापक होई, वकिली करी, संस्थानात नोकरीस लागे. तत्त्वज्ञान मंदिरातच राहून ब्रह्मसूत्रांवर भाष्य लिहीत बसला असता तरी लोकांनी वाखाणले असते. पण त्या शांत, सुखासीन विचारचर्चेत त्यांचा जीव रमेना. अद्वैताची चर्चा करणाऱ्याच्या दारातून भिकारी रिकाम्या हाताने परत जातो, हे त्यांना बघवत नव्हते. पुढे १९३७ मध्ये त्यांचे ‘भारतीय संस्कृति’ हे पुस्तक निघाले. त्यात त्यांनी आरंभीच अद्वैताचा विचार मांडला, आणि तो मांडताना शास्त्रार्थ न करता सरळ समाजातल्या उच्चनीच भेदावर बोट ठेवले. आम्ही पाठशाळेत पंक्तीच्या पंक्ती लावीत बसलो, त्या पंक्तींचा हा अर्थ आम्हांला कोणी सांगितला नव्हता. वेदान्ताला हात पाय फुटावयाचे तर ते कोठे फुटणार? लहान मुलांत. म्हातारा झालेला भेद जात नाही. कोवळा असतो तो निघतो.

तेव्हा तत्त्वज्ञान मंदिराचा हा पदवीधर १७ जून १९२४ रोजी त्याच गावच्या खानदेश एज्युकेशन सोसायटीच्या हायस्कुलात साधा शिक्षक म्हणून रुजू झाला. हीच शाळा पुढे प्रताप हायस्कूल नावाने प्रसिद्ध झाली.

निरुक्तकार यास्काचार्यांनी आचार्य या शब्दाची फोड तीन प्रकारांनी केली आहे. जो शिष्याकडून आचार धरवितो तो, जो अर्थांचा संचय करतो तो, आणि जो बुद्धी वाढवितो तो. यांतला पहिला अर्थ महत्त्वाचा, म्हणून तो पहिला. पण आचार धरवावयाचा कसा? मी ज्या पाठशाळेत शिकलो तेथे तो रुळाने धरवीत. रूप चुकले की पाठीवर बसे. रूपे पाठ झाली, नाही म्हणत नाही. आजही झोपेतून उठवून विचारा. पण ती शिकविणाऱ्याचा चेहरा आठवतो तो भीतीनेच आठवतो. तैत्तिरीय उपनिषदात देवाच्या जागी मानावयाच्या माणसांत माता पहिली, पिता दुसरा आणि आचार्य तिसरा. साने मास्तरांनी काय केले, तर त्या तिसऱ्याला उचलून पहिल्याच्या शेजारी नेऊन बसविले.

शाळेला छात्रालय होते. खेड्यापाड्यांतून आलेली मुले तेथे राहत. त्या छात्रालयाचे काम साने यांच्याकडे आले. मुलेच ती! अंथरूण तसेच टाकून शाळेत पळावयाचे, धोतर बादलीत भिजत पडलेले, खोलीत केर, कंदिलाची काच काजळीने काळी. दुसरा कोणी व्यवस्थापक असता तर त्याने नावे टिपली असती, दंड बसविला असता, पालकांना पत्र लिहिले असते. साने मास्तर मुले शाळेत किंवा खेळावयास गेली की खोल्यांत जात, केर काढीत, अंथरुणे गुंडाळून ठेवीत, भिजलेले कपडे धुऊन वाळत घालीत, कंदिलाच्या काचा पुसून लख्ख करीत. एक शब्द बोलत नसत. मुलांनी परत येऊन पाहावे तर खोली आरशासारखी. हे कोणी केले म्हणून चौकशी व्हावयाची, आणि कळले की मान खाली जावयाची. एम. ए. झालेला आपला मास्तर आपले धोतर धुतो! चार दिवसांत मुले आपापल्या खोल्या स्वतः झाडू लागली.

कोणी आजारी पडला तर रात्र उशाशी बसून काढावयाची, हे तर ठरलेलेच. पगारातला पुष्कळसा भाग गरीब मुलांच्या फीकडे आणि पुस्तकांकडे जाई. आणि मुले निजली की मास्तरांचे दुसरे काम सुरू होई. ‘छात्रालय’ नावाचे हस्तलिखित दैनिक ते काढीत. रोज! देशात काय चालले आहे, जगात कोण थोर माणूस झाला, कोणत्या मुलाने काय चांगले केले, असे सारे आपल्या हाताने लिहून काढावयाचे आणि मुलांनी ते वाचावयाचे. पुढे त्यांनी ‘विद्यार्थी’ नावाचे मासिकही चालविले. मासिक चालविणे किती कष्टाचे हे आपल्या संपादकांना विचारा. येथे तर रोजचा अंक, एकच लेखक, आणि वाचक म्हणजे एका वसतिगृहातली मुले. दिवसभर शिकवून आलेल्या माणसाने हे का करावे? त्याला तसे कोणी सांगितले नव्हते, आणि त्याचे वेतनही नव्हते. सकाळी मुलाने डोळे उघडले की त्याच्यापुढे काही चांगले असावे, एवढाच हिशेब.

ही सहा वर्षे मला त्यांच्या साऱ्या आयुष्यातील सोन्याची वर्षे वाटतात. पुढे ते महाराष्ट्रभर गाजले, पण एका जागी, त्याच त्या मुलांजवळ, असे पुन्हा त्यांना राहता आले नाही.

१९३० साल उजाडले. मिठाचा सत्याग्रह सुरू झाला आणि २९ एप्रिलला साने यांनी शाळा सोडली. याच वसंतात आमच्या नाशकात दुसरा एक सत्याग्रह सुरू झालेला होता, तो लक्षात ठेवा. २ मार्च १९३० पासून डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या नेतृत्वाखाली पंचवटीच्या काळाराम मंदिरात प्रवेश मिळावा म्हणून हजारो अस्पृश्य स्त्रीपुरुष दारासमोर बसले होते, आणि दार उघडले गेले नव्हते.

साने मास्तरांना मे महिन्यात अटक झाली. धुळे, मग दूर तिकडे त्रिचनापल्लीचा तुरुंग. तेथे शिकवावयास मुले नाहीत, तर ते स्वतःच विद्यार्थी झाले. दक्षिणेतल्या बंदिवानांकडून तमिळ शिकू लागले, आणि तिरुवल्लुवरांचा कुरल पुढे त्यांनी मराठीत आणला. गांधी-आयर्विन करार झाल्यावर सुटका झाली, ती थोड्याच दिवसांपुरती. १९३२ च्या आरंभी पुन्हा पकडले आणि धुळ्याच्या तुरुंगात टाकले. ही मात्र शिक्षा कसली, पर्वणीच! कारण त्याच तुरुंगात विनोबा होते. २१ फेब्रुवारीपासून १९ जूनपर्यंत, दर रविवारी एक अध्याय याप्रमाणे, विनोबांनी अठरा रविवार बंदिवानांपुढे गीतेवर प्रवचने केली. बोलणारे बोलत होते आणि साने भरभर लिहून घेत होते. आज भारतातल्या किती भाषांतून ‘गीता-प्रवचने’ वाचली जातात! प्रवचन करणारे आम्ही लोक बोलतो पुष्कळ, पण आमचा शब्द मंडपाबरोबर उठतो. विनोबांचा शब्द टिकला, कारण समोर असा श्रोता होता. चांगला शिक्षक आधी चांगला श्रोता असावा लागतो, याचा याहून मोठा दाखला मला ठाऊक नाही.

धुळ्याहून त्यांना हलविले ते आमच्या नाशिकला. नाशिकरोडचा तुरुंग आजही आहे. रेल्वेने येणाऱ्या यात्रेकरूंना तो जवळच लागतो. त्र्यंबकेश्वरी निवृत्तिनाथांची पौष वद्य एकादशीची यात्रा होऊन तीन आठवडेही झाले नव्हते. माघी पौर्णिमेच्या आगेमागचे दिवस. गुरुवार, ९ फेब्रुवारी १९३३ रोजी त्यांनी लिहावयास घेतले. दिवसा तुरुंगाचे काम असेच, रात्री आणि पहाटे लेखणी चाले. सोमवारी, १३ तारखेच्या पहाटे, त्यांनी ती खाली ठेवली. पाच दिवसांत ‘श्यामची आई’ या पुस्तकाचा फार मोठा भाग कागदावर उतरला होता. पुढे त्यात आणखी भर पडून एकंदर ४२ रात्री झाल्या, आणि १९३५ मध्ये पुस्तक प्रसिद्ध झाले.

या पुस्तकाची मांडणी पाहिली आहे का? श्याम नावाचा तरुण आश्रमातल्या मंडळींना रोज रात्री प्रार्थनेनंतर आपल्या आईची एकेक आठवण सांगतो. म्हणजे अमळनेरच्या छात्रालयातली ती रात्रच ही. मुले काढून घेतली, फळा काढून घेतला, आणि भोवती दगडी भिंत घातली. तेव्हा मास्तरांनी कागदावर आश्रम उभा केला, त्यात मुले बसविली आणि पाठ पुढे चालू केला. पायाखाली पसरलेला पदर, मोळीवाली म्हातारी, भावाचा कोट, घरावरची जप्ती, सारे त्यात आले. १९५३ मध्ये आचार्य अत्र्यांनी त्यावर चित्रपट काढला आणि त्याला राष्ट्रपतींचे पहिले सुवर्णपदक मिळाले.

आता एक कडू बोलतो. उत्तररंगात श्यामच्या आईची गोष्ट लावली की मंडपात पदर डोळ्यांना लागतात. मला त्याचा आनंद होतो, आणि भीतीही वाटते. रडून मन हलके होते. आणि हलके झालेले मन घरी जाऊन सुखाने झोपते. हे पुस्तक लिहिले जात होते तेव्हा त्या कोठडीपासून तीनेक कोसांवर काळारामाचे दार मोळीवाल्या म्हातारीच्या जातभाईंना बंदच होते. म्हातारीची मोळी उचलणारा मुलगा आणि ते बंद दार, ही दोन्ही एकाच गावाच्या पंचक्रोशीत, एकाच माघ महिन्यात. आपण नाशिककर रामकुंडावर जातो तेव्हा हे आठवावे.

मधली वर्षे मी भराभर सांगतो. खानदेशातल्या शेतकऱ्यांसाठी त्यांनी केलेली खटपट, १९३६ चे फैजपूरचे काँग्रेस अधिवेशन, पुन्हा तुरुंग, बेचाळीसचे भूमिगत दिवस. या सर्वांत ते गुरुजी होऊन गेले होते. मुलांपुरते उरले नव्हते. राष्ट्र सेवा दलाची तरुण मुले त्यांच्याभोवती असत. ही सारी हकिकत इतरांनी विस्ताराने लिहिली आहे. आपल्याला जावयाचे आहे पंढरीला.

चोखोबारायांची समाधी कोठे आहे हे वारकऱ्याला सांगावे लागत नाही. नामदेवरायांची पायरी, आणि समोर चोखोबा. मंगळवेढ्यास गावकुसाखाली सापडलेल्या त्यांच्या अस्थी नामदेवरायांनी आणून महाद्वाराशी ठेवल्या, असे आपण परंपरेने सांगत आलो. त्यांचे अभंग आपण देवापुढे उभे राहून गातो. आणि चोखोबांची लेकरे? ती टाळ घेऊन, दिंडीत शेवटी, शेकडो मैल चालत येत आणि महाद्वाराशी थांबत. कळसाचे दर्शन घेऊन परत फिरत. सहाशे वर्षे! १९४६ साल संपत आले होते, स्वातंत्र्य दाराशी आले होते, आणि हे दार मात्र तसेच.

गुरुजींनी कार्तिकीस उपोषण सुरू करण्याचे ठरविले. सेनापती बापट आदी मंडळींनी त्यांना विनविले, आधी लोकांना सांगा, त्यांना विचार करावयास अवधी द्या. गुरुजींनी ते मानले. मग सहा महिने महाराष्ट्रभर गावोगाव हिंडले. बरोबर सेवा दलाची पोरे, गाणी आणि पोवाडे. खरे सांगावयाचे तर ही दिंडीच होती. कित्येक गावांत विहिरी खुल्या झाल्या, देवळे खुली झाली. पंढरपूरचे मात्र जमेना. विरोध करणाऱ्यांत बडवे होते, आणि खेदाने सांगितले पाहिजे, गळ्यात तुळशीची माळ घालणारेही होते. गुरुजींच्या सभांपुढे त्यांना परत जा म्हणून सांगणारे मोर्चे निघाले. पण दुसऱ्या बाजूलाही माळकरीच होते. पंढरपुरात तनपुरे महाराजांनी आपल्या मठात गुरुजींना जागा दिली, आणि तेथेच १ मे १९४७ रोजी त्यांनी प्राणांतिक उपोषण आरंभिले.

उपोषण म्हणजे जबरदस्ती, अशी टीका झाली. आजही होते. स्वतः गांधीजींनी आरंभी तार करून उपोषण सोडावयास सांगितले होते. ज्यांना गुरुजी जन्मभर गुरू मानत आले त्यांची ही तार, आणि तरी ते हटले नाहीत. मला या प्रकरणाचा अर्थ लागतो तो अमळनेरच्या छात्रालयात. मुलांनी खोली घाण ठेवली, मास्तरांनी त्यांना मारले नाही, झाडू स्वतः हातात घेतला. पंढरीत आपण देवाचे घर घाण करून ठेवले होते. गुरुजींनी दार फोडले नाही, बडव्यांना शिव्या दिल्या नाहीत, आपल्याला तर नावही ठेवले नाही. घरातली चूक त्यांनी आपल्या पोटावर घेतली. ऐन वैशाखातले पंढरपूर, सतरा वर्षांमागे मुलांच्या उशाशी जागलेला तोच माणूस, आणि या वेळी त्याचे विद्यार्थी आपण. जबरदस्ती करणारा दुसऱ्याला दुखवितो. येथे दुखणे कोणाच्या अंगावर होते?

दादासाहेब मावळंकर पंढरपुरास आले, बोलणी झाली, बडवे मंडळींनी संमती दिली, आणि दहाव्या दिवशी, १० मे रोजी, उपोषण सुटले. त्याच वर्षी मुंबई सरकारने मंदिरप्रवेशाचा कायदाही केला. पुढे दार उघडले, आणि महाद्वाराशी थांबणारे पाय आत गेले. कायद्याने दार उघडते हे खरे. पण आज चोखोबांच्या कुळातला वारकरी विठ्ठलाच्या पायांवर डोके ठेवतो तेव्हा बाजूला उभा असलेला माळकरी अंग चोरीत नाही, हे कायद्याने होत नसते. ते किती ठिकाणी झाले आहे आणि आपापल्या दिंडीत, पंगतीत, गावच्या सप्ताहात किती ठिकाणी व्हावयाचे राहिले आहे, हे ज्याचे त्याने पाहावे. विणेकरी कोण होतो आणि कीर्तनाला उभे कोणाला करतात, हेही पाहावे.

त्यानंतर गुरुजी तीन वर्षे होते. जानेवारी १९४८ मध्ये गांधीजींची हत्या झाली आणि ते मनाने फार खचले. प्रायश्चित्त म्हणून त्यांनी २१ दिवसांचे उपोषण केले. १५ ऑगस्ट १९४८ रोजी ‘साधना’ साप्ताहिक सुरू केले, ते आजही चालू आहे. भारतातल्या एका प्रांताच्या मुलांनी दुसऱ्या प्रांताची भाषा शिकावी, एकमेकांकडे राहावयास जावे, यासाठी आंतरभारतीची कल्पना त्यांनी मांडली. तिच्यासाठी झोळी घेऊन हिंडले. आणि पुतणी सुधा हिला ते पत्रे लिहीत होते. फुले, पाखरे, तारे, नद्या, थोरांच्या गोष्टी, जगातल्या घडामोडी, असे सारे एका मुलीला समजेल अशा भाषेत. ‘सुंदर पत्रे’ म्हणून ती पुढे पुस्तकरूपाने निघाली. वाचताना वाटते की छात्रालयाचे दैनिकच पुन्हा सुरू झाले आहे; तेव्हा वाचणारी खोल्याखोल्यांतली मुले होती, आता एकच मुलगी होती.

११ जून १९५० रोजी मुंबईत गुरुजींनी आपणहून आपली जीवनयात्रा संपविली. शास्त्र याला मान्यता देत नाही, आणि मीही देणार नाही. इतकी मुले ज्याला आई म्हणत होती त्याच्या उशाशी त्या रात्री कोणीतरी बसावयास हवे होते. वय पन्नास. पावसाळा लागत होता, शाळा उघडण्याचे दिवस होते. सव्वीस वर्षांपूर्वी याच जून महिन्यात ते अमळनेरच्या वर्गात पहिल्यांदा उभे राहिले होते.